कमलश्रीच्या स्मरणार्थ

सर्जेराव ढवळेचा उजवा गुडघा फुटला तेव्हा मोठा आवाज झाला नाही. गोणपाटात गुंडाळून नारळ फोडावा तसा दबका आवाज आला आणि सर्जेराव स्वतःच्याच दुकानात आडवा झाला. लोखंडी गज भूपाल मगदूमच्या हातात होता.

भूपालला वाटलं होतं, पहिला घाव बसला की छातीवरचं ओझं थोडं तरी हलेल. ते हललं नाही. हाताला नुसत्या झिणझिण्या आल्या.

"दाजी, बाजूला व्हा. आता मी बगतो," मागून बाळगोंडा म्हणाला. बाळगोंडा पाटील म्हणजे भूपालचा मेव्हणा, कमलश्रीचा पाठचा भाऊ. तालमीत वाढलेला, मानेनं जाड. त्याच्यामागे दुकानाच्या दारात त्याचे सात-आठ सोबती उभे होते, प्रत्येकाच्या हातात काही ना काही.

"मशीन कुटं हाय?" बाळगोंडानं सर्जेरावच्या केसाला धरून विचारलं.

"कंचं मशीन? ही काय सगळी मशिनंच हाईत! घ्या, बगा की!" सर्जेराव ओरडला. त्याचा धंदाच जुनी शिलाई मशिनं घ्यायचा, दुरुस्त करून विकायचा. भिंतीला लागून मशिनं मांडलेली होती, काही नुसते सांगाडे.

"माज्या बहिणीचं. रक्तानं भरल्यालं. आता आठवलं?"

"मी आणलं न्हाई वो. देवाशपथ न्हाई."

बाळगोंडानं त्याचं थोबाड फोडलं. दातासकट रक्त फरशीवर पडलं.

भूपाल बघत उभा राहिला. हा माणूस जन्मभर पाणी गाळून प्यायला, दिवस मावळायच्या आत जेवला, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली बघत चालला. गेल्या वर्षभरात त्यानं जेवायची वेळ मोडली नव्हती. बाकीचं मात्र सगळं मोडलं होतं.

* * *

भूपाल कोल्हापुरातल्या एका कंपनीत खरेदी बघायचा. विजेचा दर तासातासाला बदलायला लागला त्या वर्षाची गोष्ट. दुपारी वीज स्वस्त, संध्याकाळी महाग. मग घराघरात एकच प्रश्न: नेमकं खातंय कोण? फ्रिज, गीझर की गिरण? त्याचं उत्तर द्यायला कंपनी एक छोटा सेन्सर बसवून द्यायची. लोक त्याला चिमटा म्हणायचे, कारण तो दिसायचाच तसा.

तारेतून प्रवाह वाहतो तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चिमटा तार कापत नाही, तिला नुसती मिठी मारतो. त्याच्या दोन जबड्यांत फेराइट नावाच्या काळ्या चुंबकी पदार्थाचे दोन अर्धगोल असतात. जबडे मिटले की गोल पुरा होतो आणि त्या गोलावर गुंडाळलेल्या बारीक तारेत मोठ्या प्रवाहाची छोटी सावली उमटते. ती सेकंदाला हजारो वेळा मोजली की प्रत्येक उपकरणाची चाल वेगळी दिसते. फ्रिज धक्का देऊन उठतो. पंखा सावकाश उठतो. मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीन यांच्या मोटरीत कार्बनचे तुकडे फिरत्या तांब्यावर घासतात, ठिणग्या उडतात, आणि त्यांची खरखर प्रवाहात उतरते. फोनमधल्या प्रोग्रामला या चाली शिकवल्या की एका तारेवरून तो सगळं घर ओळखतो.

नमुन्याला आलेल्या मालातला एक चिमटा भूपालनं जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीतल्या आपल्या घरी लावला होता. कमलश्री घरी साड्यांना पिको-फॉल करायची. भूपाल ऑफिसात बसून फोनवर तिच्या मशिनाची चाल बघायचा. पायाचा दाब वाढला की रेघ वर, कमी झाला की खाली. त्या रेघेत ठरावीक अंतरानं एक बारीक टोक यायचं.

"तुझ्या मशिनाला एक दात आहे," त्यानं एकदा घरी येऊन सांगितलं.

"तुमच्या आईला बी शेवटी एकच राहिला हुता," कमलश्री सुईत दोरा ओवत म्हणाली. "पण चावायच्या त्यानंच."

मोटरीतलं तांबं एका ठिकाणी चेपलं असेल, असं त्यानं धरलं.

एका दुपारी कोणीतरी घरात शिरलं. कमलश्रीनं दागिने सोडले नसावेत. तिच्या डोक्यात मशीन घातलं होतं. एकदा नाही. भूपाल घरी आला तेव्हा पंख्याचा वारा तिच्या रक्तावरून फिरत होता आणि खाली अर्धी साडी पडली होती. शेजारणीनं एवढंच पाहिलं की एकजण साडीत काहीतरी जड गुंडाळून गाडीवर पुढ्यात घेऊन गेला. दागिने गेले, मशीन गेलं. पोलीस आले, बरेचदा आले, मग यायचे थांबले.

भूपालनं घराचा मेन स्विच पाडला, कुलूप घातलं आणि तो बाळगोंडाकडे राहायला गेला. फोनमध्ये त्या दुपारची रेघ होती. मशीन चाललंय. शिवणीच्या मध्येच थांबलंय. पंखा फिरतोय. ती रेघ तो इतके वेळा बघायचा की शेवटी त्याला तिच्यात एक वाट दिसली. मशीन ज्यानं नेलं त्यानं ते फेकलं नसेल, विकलं असेल. विकलं असेल तर कुठंतरी चालत असेल. चालत असेल तर दात दिसेल.

त्यासाठी घराघरात चिमटे पाहिजेत. कंपनी आता दुसऱ्याच बनावटीचे चिमटे घ्यायची, ते चांगले होते. पण भूपालला ते नको होते. जन्म खरेदीत गेलेला माणूस. दोन मालांची तुलना करायची तर माप एकच पाहिजे, हे त्याच्या हाडात भिनलेलं. कमलश्रीची रेघ ज्या बनावटीच्या चिमट्यानं घेतली, त्याच बनावटीचे, जमलं तर त्याच खेपेचे चिमटे पाहिजेत. ते बनवणारा भोसरीचा कारखाना बंद पडला होता. त्याचा उरलेला माल हातोहात फिरून पुण्याला बुधवार पेठेत एका व्यापाऱ्याकडे पडला होता.

"हे कशाला नेताय?" व्यापारी खोक्यावरची धूळ झटकत म्हणाला. "नवे आलेत, निम्म्या आकाराचे. ह्यांना कुत्रं विचारत नाही."

"मला हेच पाहिजेत."

"न्या बापडे. जागा तरी मोकळी होईल."

भूपालच्या जैन समाजात माणूस जाऊन वर्ष झालं की त्याच्या नावानं काहीतरी वाटतात. ताटं, डबे, स्वाध्यायाची पुस्तकं, वर नाव घातलेलं. भूपालनं चिमटे वाटले. प्रत्येक चिमट्याची रेघ त्याच्या फोनवर यायची. प्रत्येक चिमट्यावर अक्षरं कोरून घेतली: कै. कमलश्री भूपाल मगदूम यांच्या स्मरणार्थ. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या आवारात लोकांनी ते डोक्याला लावून घेतले. नंतर आसपासच्या गावांतूनही मागणी आली. फुकटची वस्तू, त्यात पुण्याची.

मुलगी त्रिशला सांगलीहून आली होती. तिनं वाटप होऊ दिलं आणि मग बापाला बाजूला घेतलं.

"आप्पा, आईच्या नावानं दान देताय का फास लावताय?"

ती न जेवता परत गेली आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही.

सर्जेरावकडे चिमटा बसवायला भूपाल स्वतः गेला. जुन्या मशिनांचा धंदा म्हटल्यावर संशय आधीपासून त्याच्यावरच होता. सर्जेरावची बायको मंगल, तीही पिको करायची. तिनं चहा ठेवला.

"मीटरपाशी अंधारात नगासा लावू," ती म्हणाली होती. "ताईंचं नाव हाय त्यावर. दिसंल असं लावा."

दुसऱ्याच दिवशी भूपालनं प्रोग्रामला विचारलं. ब्रशची खरखर आहे? आहे. दाब कमी-जास्त होतोय? होतोय. दात? आहे. फोनवर शब्द आला: जुळले.

दुसरं एकही घर त्यानं तपासलं नाही. कशाला तपासायचं? सापडलं होतं.

* * *

"ऐरणीवर घ्या त्याचा हात," बाळगोंडा म्हणाला.

दोघांनी सर्जेरावला ओढत नेलं. गुडघा फरशीवर घासला तसा तो गुरासारखा हंबरला. मंगल आतून धावत आली. एकानं तिला ढकललं, ती दारावर आपटली, उठली आणि पुन्हा आली.

"अवो, कशापायी मारताय? त्यांनी काय केलंय ते तरी सांगा!"

"तुझं मशीन सांगतंय काय केलंय ते," धनपाल म्हणाला. हा बाळगोंडाचा तालमीतला जोडीदार. "विजंच्या तारंनं साक्ष दिलीया. माणूस खोटं बोलंल, तार न्हाई बोलत."

"माजं मशीन माज्या बापानं दिलंय! लग्नात! पावती न्हाई माज्याकडं, पण बाप हाय जिता, त्याला इचारा!"

"गप बस."

बाळगोंडानं हातोडा उचलला. सर्जेरावची दोन बोटं ऐरणीवर चेपली. तिसऱ्यांदा हातोडा वर गेला तेव्हा सर्जेराव ओरडायचा थांबला होता. तो फक्त भूपालकडे बघत होता. "मगदूमसाहेब," तो म्हणाला, "तुमी माज्या घरी च्या पिला हुता."

त्याच वेळी भूपालच्या खिशातला फोन वाजला. बाळगोंडाचाही वाजला. दारातल्या सगळ्यांचे वाजले. येताना गाडीत बाळगोंडानं भूपालचा फोन घेऊन एक काम केलं होतं. चिमटे बसलेल्या झाडून सगळ्या घरांवर एकदमच नुसत्या दाताचा शोध लावून दिला होता आणि निकाल सगळ्यांच्या ग्रुपवर जोडला होता. सर्जेराव एकटा नसणार, साथीदारही सापडतील, म्हणून.

"सापडला दुसरा!" धनपालनं फोन काढला. मग त्याचा चेहरा बदलला. "दाजी... हे तर तुमचं घर हाय."

भूपालनं वाचलं. जुळले. घर: मगदूम, आठवी गल्ली.

कुलूप घातलेलं घर. पाडलेला मेन स्विच. आणि आत कमलश्रीचं मशीन चाललेलं. क्षणभर त्याला तेच खरं वाटलं. ती बसलीय, पाय दाबतेय, अर्धी राहिलेली साडी पुरी करतेय.

दुसरी किल्ली त्रिशलाकडे होती. त्यानं तिला फोन लावला.

"आप्पा?" वाटपाच्या दिवसानंतर तिचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"तू घरी आलीयस?"

"सकाळीच. किती दिवस बंद ठेवायचं? मेन चालू केला, झाडलं, पुसलं. आता पुरण वाटतेय. तुम्ही दिवस मावळायच्या आत या, म्हणजे..."

"मशीन चालू आहे का?"

"कसलं मशीन? मिक्सर आहे."

"बंद कर."

मागचा घरघर आवाज थांबला.

"आता परत लाव."

घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं सगळ्यांचे फोन पुन्हा वाजले. जुळले. घर: मगदूम, आठवी गल्ली.

भूपालनं फोन खाली केला. सर्जेरावच्या दाराशेजारी, मंगलनं सांगितलं होतं तिथं, उजेडात, चिमटा तारेला लटकला होता. भूपाल त्याच्यापाशी गेला आणि त्यानं नखानं जबडा हलवला. जबडा हलला. हलायला नको होता. आतली स्प्रिंग सैल होती. दोन अर्धगोलांमध्ये केसाएवढी फट राहत होती. ब्रशवाली मोटर झटके देत प्रवाह ओढते. प्रत्येक झटक्याला सैल जबडा थरथरत होता, फट उघडत होती, मिटत होती, आणि रेघेत टोक येत होतं. मोटर कोणाचीही असो.

दात मशिनाला नव्हताच. दात चिमट्याला होता. सगळ्या खेपेला होता. पुण्याहून शोधून शोधून त्यानं तोच दोष खोकी भरून आणला होता आणि कमलश्रीचं नाव घालून घरोघर वाटला होता.

आपल्या घरच्या मिक्सरच्या रेघेतही तो पहिल्यापासून असणार. पण मिक्सरची रेघ त्यानं कधी उघडलीच नव्हती. तो फक्त तिचं मशीन बघायचा.

"बाळगोंडा," तो म्हणाला. "थांब. हा नाही."

"काय?"

"खूण खोटी आहे. चिमटाच खराब आहे. ज्याच्या घरात हा चिमटा, त्याच्या घरात तिचं मशीन दिसणार. सोड त्याला."

बाळगोंडानं हातोडा खाली ठेवला नाही. "दाजी, तुमच्या हातानं गुडघा फोडलाय तुमी ह्याचा. आता खोटी म्हणता?"

"म्हणतो."

"माज्या अक्काचं डोकं बगितलं न्हवतं तुमी? मी बगितलंय! मी धुतलंय!" बाळगोंडाचा आवाज फाटला. "कुणीतरी मारलं का न्हाई तिला? मारलं न्हवं? मग कोण? ह्यो न्हाई तर कोण?"

"मला माहीत नाही."

"मग ह्योच!"

हातोडा वर गेला, आता सर्जेरावच्या डोक्यावर. भूपालनं मध्ये हात घातला. मनगटाच्या वर हाड तुटलं, तुटलेलं त्याला आधी ऐकू आलं आणि मग दुखलं. तो खाली बसला, पण सर्जेरावच्या अंगावरच बसला आणि उठला नाही.

"राजमतीला फोन लाव," त्यानं दात आवळून सांगितलं. राजमती म्हणजे बाळगोंडाची बायको. "तुझ्या घरी पण चिमटा आहे. मी लावलाय. तिला म्हण, मिक्सर चालव."

बाळगोंडा हलला नाही. तेव्हा भूपालनं डाव्या हातानं स्वतःच फोन लावला आणि मोठा आवाज ठेवला.

"वैनी, मिक्सर लावा."

"आता? रिकामाच?" पलीकडून राजमती म्हणाली. "काय बाई ह्यांचं तरी. लावते."

सगळे ऐकत उभे राहिले. घरघर आली. मग फोन वाजले, एकामागून एक. जुळले. घर: पाटील, बारावी गल्ली.

बाळगोंडा फोनकडे बघत राहिला. भूपालला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं.

"बाळगोंडा," धनपाल हळूच म्हणाला, "तुज्या घरात कसं काय?"

"आता सांगितलं न्हवं का दाजींनी?"

"ते दाजींनी सांगितलं. मी तुला इचारतोय." धनपालनं हातातला पाइप सरळ केला. "दागिन्यावरनं तुमा भावा-बहिणीचं वाजलं हुतं न्हवं? आईच्या पाटल्यांवरनं?"

"धन्या, जीभ हासडीन."

"हासड की. तार खोटं बोलत न्हाई, तूच म्हणालास येताना."

दोन-चार जण धनपालच्या बाजूला सरकले. आत्तापर्यंत ज्या डोळ्यांनी ते सर्जेरावकडे बघत होते त्याच डोळ्यांनी बाळगोंडाकडे बघायला लागले. बाळगोंडा एक पाऊल मागं सरला, तर पाठीला ऐरण लागली. पहिला पाइप त्याच्या खांद्यावर बसला. तो वाकला. दुसरा पाठीत बसला. बैलासारखा माणूस गुडघ्यावर आला आणि "दाजी" म्हणून ओरडला.

भूपाल उठला. तुटका हात पोटाशी धरून तो बाळगोंडापुढं उभा राहिला.

"धनपाल, तुझ्या आईनं काल माझ्याकडून चिमटा बसवून घेतलाय," तो म्हणाला.

"मग?"

"दुपार झालीय. चटणी वाटायची वेळ झालीय."

मग एक फोन वाजला, आणि सगळेच वाजले. उदगाव. चौगुले, म्हणजे धनपालचंच घर. धनपालनं वाचलं, पुन्हा वाचलं. आपल्या दोन्ही बाजूंना कोण उभं आहे ते त्यानं पाहिलं. त्याच्या हातातला पाइप आता त्याला जड झाला होता. पाठोपाठ तिसरं घर आलं, चौथं आलं. स्वयंपाकाची वेळ होती. दारातला प्रत्येकजण आपापल्या फोनमध्ये आपलं नाव कधी येतंय ते बघत होता. सगळ्यात मागचा माणूस आधी निघाला. मग बाकीचे. धनपालनं पाइप दुकानात ठेवला नाही, बरोबर नेला, वाटेत लागेल म्हणून.

दुकानात मंगल होती, तिच्या मांडीवर सर्जेराव, आणि हे दोघे.

"बघत काय उभारलाय?" मंगल ओरडली. "उचला की त्यांना!"

"पाय तू धर," भूपाल बाळगोंडाला म्हणाला. "डावा धर. उजवा नको."

बाळगोंडा रडत होता. खांदा लोंबत असतानाही त्यानं सर्जेरावला जवळजवळ एकट्यानंच उचलला आणि गाडीत घातला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं बघितली, गुडघा बघितला आणि चौकीवर कळवलं. हवालदार आला. वयस्क, थकलेला माणूस. त्यानं स्ट्रेचरजवळ स्टूल ओढलं.

"काय झालं रं?"

सर्जेरावनं आधी भूपालकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बाळगोंडाच्या जाड मानेकडे, मग मंगलकडे. त्याच गावात त्याला दुकान उघडायचं होतं.

"गाडीवरनं पडलो, साहेब," तो म्हणाला.

"बोटं बी गाडीवरनं पडली?"

"व्हय."

हवालदारानं मान हलवली. असं त्यानं पुष्कळ ऐकलं असावं. तो उठायला लागला.

"तो पडला नाही," भूपाल म्हणाला. "बसा तुम्ही. पहिला गज माझा."